'सेर' कायमचं, 'एस्तार' तात्पुरतं? नियमच चुकीचा आहे

स्पॅनिश शिकायला घेतलं की कुणीतरी हमखास सांगतं: कायमच्या गोष्टीला 'सेर', तात्पुरत्या गोष्टीला 'एस्तार'. आपलं एकच 'आहे' आणि तिथे दोन क्रियापदं, त्यामुळे हा नियम झटकन पटतो. पण तो टिकत नाही. 'तो मेलेला आहे' हे स्पॅनिशमध्ये 'एस्ता मुएर्तो', म्हणजे एस्तार. मरणाहून कायमचं दुसरं काय असतं? माद्रिद काही स्पेनमधून हलत नाही, तरी 'माद्रिद एस्ता एन एस्पान्या'. उलट 'तीन वाजलेत' हे 'सोन लास त्रेस', सेरचं रूप.

प्रश्न काळाचा नाहीच. माणूस किंवा वस्तू मुळात काय आहे, कशी ओळखायची, ते सेर सांगतं. ती कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, ते एस्तार. एस्तारचं मूळ लॅटिन 'स्तारे', म्हणजे उभं असणं. 'एस लिस्तो' (एस हे सेरचं रूप) म्हणजे हुशार, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा, कारण इथे भलेभले अडखळतात: कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना सेरच येतं. 'ला फिएस्ता एस एन मि कासा', पार्टी माझ्या घरी आहे. ते घर कुठे आहे, हे सांगायचं झालं की पुन्हा एस्तार.