मिक्सर ऑटोमेशन

मिक्सर ऑटोमेशन : गाणे वाजत असताना एखाद्या ट्रॅकचा (एका वाद्याच्या किंवा गळ्याच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रणाचा) आवाज कुठे चढावा, कुठे उतरावा आणि तो डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये नेमका कुठून ऐकू यावा, हे बदल संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवण्याची सोय. एकदा नोंदवलेला बदल दर वेळी त्याच क्षणी, तेवढ्याच मापाने घडतो. प्लगिनचे (सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचे) जवळपास कुठलेही बटण असे चालवता येते. येथे व्हॉल्यूम आणि पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) यांचाच विचार केला आहे.

टेपच्या काळात हे काम हातांनी होई. मिक्स (सगळ्या ट्रॅकचे मिश्रण) उतरवताना इंजिनियर आणि सहायक कन्सोलवर ओणवून आपापले फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती बटणे) सांभाळत. शेवटच्या कडव्यात एकाचा हात चुकला की बऱ्याचदा सगळे पहिल्यापासून. नीव्ह कंपनीने १९७७ मध्ये आणलेल्या नेकॅम यंत्रणेत संगणक या हालचाली लक्षात ठेवी आणि मोटर लावलेले फेडर त्या आपोआप करून दाखवीत. सॉफ्टवेअरमध्ये हीच हालचाल ट्रॅकखाली रेघेच्या रूपात दिसते. रेघेवर ठिपके टाकून ती माउसने वाकवता येते. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये तिला एन्व्हलप म्हणतात, तर एफएल स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोमेशन क्लिप. पुण्यात घरच्या खोलीत स्टुडिओ मांडणारी अनेक मुले ठिपक्यांनीच काम भागवतात. फेडर हाताने हलवून नोंद करायची असेल तर मोड निवडावा लागतो. रीडमध्ये नोंद नुसती वाजते. टचमध्ये फेडर धरलेला असेपर्यंत नवी नोंद होते आणि सोडताच तो जुन्या रेघेवर परततो. लॅचमध्ये सोडल्यावरही शेवटची पातळी कायम राहते. राइट मोड प्ले दाबल्यापासून जुने सारे पुसत जातो, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

मराठी भावगीत किंवा अभंग मिक्स करताना व्हॉल्यूम ऑटोमेशनचा मोठा वाटा शब्दांसाठी खर्च होतो. ओळीच्या शेवटी गायकाचा श्वास संपत येतो, ‘आहे’मधला ‘हे’ किंवा ‘माझ्या’मधला ‘झ्या’ तबल्याखाली बुडतो. तेवढे अक्षर एक-दोन डेसिबलने उचलले की ओळ कळते आणि कोणी काही केल्याचे जाणवत नाही. हेच काम कॉम्प्रेसरवर (आवाजातला चढउतार आपोआप कमी करणाऱ्या इफेक्टवर) सोपवले तर तो शब्द आणि श्वास यांत भेद करत नाही, दोन्ही वर आणतो. मात्र बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये इन्सर्ट इफेक्ट (कॉम्प्रेसरसारखे थेट ट्रॅकवर लावलेले इफेक्ट) फेडरच्या आधी लागतात. त्यामुळे फेडरची रेघ कॉम्प्रेसरनंतर काम करते. कॉम्प्रेसरला मुळातच समतल आवाज द्यायचा असेल तर क्लिप गेन (ट्रॅकवरच्या ध्वनितुकड्याची स्वतःची पातळी) वापरावा, किंवा रीपरमधले इफेक्टपूर्व व्हॉल्यूम एन्व्हलप. रिव्हर्बचा (घुमाऱ्याच्या इफेक्टचा) सेंड, म्हणजे ट्रॅकचा आवाज तिकडे पाठवणारी जोडणी, पोस्ट-फेडर (फेडरनंतर) असेल तर फेडर उतरताना रिव्हर्बही उतरतो; प्री-फेडर (फेडरच्या आधी) असेल तर मूळ आवाज विरतो, घुमारा मागे राहतो आणि गायक लांब गेल्यासारखा वाटतो.

नव्या माणसाची नेहमीची तक्रार अशी, की फेडर कमी केला तरी प्ले करताच तो पुन्हा जागेवर जातो. रेघ असेल तिथे हाताचे चालत नाही, हेच त्याचे कारण. यावर रूढ तोडगा म्हणजे बारीक बदल एखाद्या गेन प्लगिनवर (नुसती पातळी बदलणाऱ्या प्लगिनवर) नोंदवणे आणि फेडर मोकळा ठेवणे. स्थिर पातळ्यांवर गाणे बऱ्यापैकी बसेपर्यंत एकही ठिपका टाकू नये, हा त्याहून चांगला उपाय आहे.

पॅनची गोष्ट वेगळी. आवाज सतत इकडून तिकडे फिरवणे हेडफोनवर पहिल्यांदा गमतीचे वाटते, पण गाण्यात त्याला क्वचितच कारण असते. कारण असते तिथे मात्र भूमिती पाळावी लागते. लक्ष्मी रोडवर उभ्या माणसासमोरून ढोल-ताशा पथक जाते आहे, असा परिणाम साधायचा आहे असे समजू. पॅनची सरळ रेघ डावीकडून उजवीकडे ओढली तर ते खोटे वाटते. लांब असताना पथकाची दिशा जवळजवळ बदलत नाही, अगदी समोर आल्यावर ती झपाट्याने बदलते आणि पुढे गेल्यावर पुन्हा मंदावते. म्हणून रेघ दोन्ही टोकांना सपाट आणि मध्ये तीव्र चढाची हवी. आवाजही अंतराशी बांधलेला असतो. एकाच बिंदूतून येणारा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यावर सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पथक लांबलचक असल्याने त्याचा उतार याहून सौम्य, आणि पेठेतल्या इमारतींवरून परतणारा आवाज तो आणखी सौम्य करतो. लांबून ताशाची धार बोथट होते, म्हणून वरच्या फ्रीक्वेन्सी कापणारा फिल्टरही त्याच चालीने हलवावा लागतो. ढोल स्टिरिओत रेकॉर्ड केलेला असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. अनेक सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅकचे पॅन बटण खरे तर बॅलन्स (दोन बाजूंची तुलनात्मक पातळी बदलणारे बटण) असते. ते डावीकडे फिरवले तर उजवी बाजू नुसती बंद होते, तिथले ढोल डावीकडे येत नाहीत.

मांडवातले स्पीकर बहुधा मोनो जोडलेले असतात, म्हणजे सगळ्यांतून एकच आवाज येतो. प्रचलित पॅन लॉनुसार (पॅन फिरवताना दोन्ही बाजूंची पातळी ठरवणाऱ्या नियमानुसार) मध्यावर प्रत्येक बाजू ३ डेसिबलने कमी ठेवलेली असते. मोनोत दोन्ही बाजूंची बेरीज होते, तेव्हा तोच आवाज मध्यातून जाताना कडेपेक्षा ३ डेसिबलने मोठा होतो. हेडफोनवरची देखणी चाल तिथे नुसती विनाकारण फुगवटा होऊन बसते.

पुण्यात या कामाचे औपचारिक शिक्षण प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या ध्वनी अभ्यासक्रमात मिळते. बरेच जण एकमेकांच्या लॅपटॉपवर बघून शिकतात. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवणाऱ्या महाविद्यालयीन संघांना ऑटोमेशनची मर्यादा लवकर कळते. रेघ घड्याळाशी बांधलेली असते आणि नट नसतो. हशा पिकला की वाक्य लांबते, तेव्हा संवादाखालचे संगीत उतरवायला ध्वनिसंयोजकाचा हातच फेडरवर असावा लागतो. एका तुकड्याच्या आतले चढउतार तेवढे आधी नोंदवून ठेवता येतात. पॅनचाही तिथे फारसा उपयोग नाही, कारण कडेच्या खुर्चीला जवळचा एकच स्पीकर ऐकू येतो.

एका सॉफ्टवेअरची प्रकल्प फाइल सहसा दुसऱ्यात उघडत नाही, त्यामुळे ऑटोमेशनही पलीकडे जात नाही. चित्रपटाच्या कामात एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात काम नेण्यासाठी वापरली जाणारी एएएफ फाइल व्हॉल्यूमची रेघ बरोबर नेऊ शकते, प्लगिनच्या रेघा मात्र तिच्यातून जात नाहीत. म्हणून मिक्ससाठी दुसरीकडे ट्रॅक पाठवताना ते दोनदा काढतात, एकदा ऑटोमेशन आवाजातच छापून आणि एकदा कोरे.