शेजारापुरतंच बल

सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, हे शाळेत शिकवतात. अणूच्या केंद्रकात सगळे धनप्रभारित प्रोटॉन दाटीवाटीने असतात, हेही शिकवतात. मग केंद्रक फुटत का नाही, असं विचारणारा वर्गात एखादाच निघतो, आणि 'न्यूट्रॉन डिंकासारखं काम करतात' या उत्तरावर त्याची बोळवण होते. उत्तर चूक नाही, अर्धवट आहे.

ढकलाढकली किती मोठी? दोन प्रोटॉन २ फेम्टोमीटरवर आणा (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). त्यांच्यातलं प्रतिकर्षण सुमारे ५७ न्यूटन भरतं. जवळजवळ सहा किलोचं ओझं, आणि तेही एवढ्याशा कणावर! गुरुत्वाकर्षण इथे कुठल्याकुठे राहतं.

इथे कामाला येतं केंद्रकीय बल. १९३५ साली हिदेकी युकावा यांनी मांडलं, की हे बल एका कणाच्या देवाणघेवाणीतून येतं. कण जितका जड, तितकी बलाची पोच कमी. पायॉन नावाचा तो कण १९४७ मध्ये विश्वकिरणांत सापडला. इलेक्ट्रॉनच्या सुमारे २७० पट जड. म्हणून दोन-तीन फेम्टोमीटरपलीकडे हे बल जवळजवळ संपतं. (मुळाशी प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑन या कणांचं प्रबल बल आहे, हे त्याचं उरलंसुरलं रूप.) 'अणुशक्तीने भारलेली' लॉकेटं विकणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं: जे बल शेजारच्या अणूपर्यंत पोचत नाही, ते तुमच्या गुडघ्यापर्यंत कुठलं पोचणार?

खरी गंमत या आखूड हातांतच आहे. शिशाचं केंद्रक सुमारे १४ फेम्टोमीटर रुंद. त्यातला प्रोटॉन फक्त लगतच्या कणांना धरू शकतो, फार तर डझनभर. विद्युत प्रतिकर्षणाला मात्र असं बंधन नाही. या टोकाचा प्रोटॉन त्या टोकाच्या प्रोटॉनलाही ढकलतो. ८२ प्रोटॉनांच्या जोड्या मोजा: ३३२१. प्रत्येक जोडी भांडते. म्हणजे केंद्रक वाढवत गेलात, तर धरणारे हात कणांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतात, ढकलणाऱ्या जोड्या मात्र प्रोटॉनांच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात. कॅल्शियम-४० चं २० प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉनांवर भागतं. शिसे-२०८ ला ८२ प्रोटॉनांमागे १२६ न्यूट्रॉन लागतात, कारण न्यूट्रॉन धरतो पण ढकलत नाही. नुसते न्यूट्रॉन कोंबत राहावं तर तेही चालत नाही: पाउलीच्या नियमामुळे (दोन सारखे न्यूट्रॉन एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत) नव्या न्यूट्रॉनला वरच्या ऊर्जापातळीत बसावं लागतं, आणि तिथून बीटा ऱ्हासाने, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर टाकून, तो प्रोटॉन होऊन मोकळा होतो.

शिशाच्या पुढचं बिस्मथ-२०९ कित्येक वर्षं स्थिर मानलं जाई. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्यातून निसटणारे अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांची गाठोडी) टिपले, म्हणजे तेही हळूहळू फुटतंच. अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं फुटायला लागणारा काळ, निघालं विश्वाच्या वयाच्या शंभर कोटी पटींहून जास्त.