खोक्यावरचे वॅट: पीसी स्पीकर, पीएमपीओ आणि आरएमएसची पार्श्वभूमी

डेस्कटॉपला स्पीकर घ्यायला गेलं की दुकानदार अजूनही पहिलं वाक्य वॅटचंच बोलतो, "हे बघा साहेब, हे साठवाले, हे शंभरवाले". आणि घेणाराही बहुतेक वेळा आकडा ऐकूनच ठरवतो. टेबलावर जागा किती आहे, आपण काय ऐकतो, खोली केवढी आहे हे सगळं नंतर. वॅटच्या आकड्याला एवढं वजन कुठून आलं आणि तो एवढा बेभरवशाचा कसा झाला याच्या मागे बराच इतिहास आहे. तो माहीत असला की निवड करणं खरंच सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवातीच्या पीसीला बाहेरच्या स्पीकरची गरजच नव्हती. १९८१ च्या पीसीत कॅबिनेटच्या आतच एक छोटा स्पीकर असायचा, त्याला टायमर चिप चालू-बंद चालू-बंद करायची आणि त्यातून बीप निघायचा. १९८७ च्या आसपास म्युझिक कार्डं (पीसीच्या आत बसवायची, आवाज काढणारी कार्डं) आली आणि १९८९ ला साउंड ब्लास्टर नावाचं साउंड कार्ड आलं. त्या काळातली एक गोष्ट आता फार जणांना आठवत नाही, ती म्हणजे ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणारा भाग, कार्डावरच असायचा. चॅनलला (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) साधारण ४ वॅट, कार्डाच्या मागे व्हॉल्यूमचं छोटं चाकसुद्धा. त्यामुळे वॉकमनला लावतात तसले साधे, स्वतःचा करंट नसलेले स्पीकर थेट कार्डात खुपसले की वाजायचे. पुढे १९९२ ला साउंड ब्लास्टर १६ आलं तोवर लोक स्वतःचा ॲम्प असलेले स्पीकर लावायला लागले होते, म्हणजे कार्डाच्या ॲम्पवर पुन्हा स्पीकरचा ॲम्प, आणि मग गाणं थांबलं की मागून तो सततचा सूंऽऽ आवाज. त्यासाठी त्या कार्डाच्या सुरुवातीच्या मॉडेलांवर जंपर (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) असायचे, ते बदलले की कार्डाचा ॲम्प बाजूला पडायचा. नंतर १९९७ चं एसी ९७ स्टँडर्ड आलं, साउंड मदरबोर्डवर आला आणि कार्ड हळूहळू गेलंच. बोर्डाच्या मागे राहिलं ते पोपटी हिरवं होल, जे आपण आजही "हिरवी पिन हिरव्यात लाव" म्हणून ओळखतो. त्याचा रंगसुद्धा त्याच सुमारास, पीसी ९९ नावाच्या स्पेसिफिकेशनमध्ये ठरला.

थोडक्यात ॲम्प्लिफायर कॉम्प्युटरमधून उठला आणि स्पीकरच्या डब्यात जाऊन बसला. आणि त्याच्याबरोबर वॅटचा आकडा स्पीकरच्या खोक्यावर गेला. माझ्या मते पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो, कारण जी वस्तू आतापर्यंत पीसीबरोबरची किरकोळ ॲक्सेसरी होती ती अचानक पॉवर सांगून विकायची वस्तू झाली.

मला आतून माहीत असलेला काळ म्हणजे साधारण १९९८ ते २००८, असेंबल्ड पीसीचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात कुठल्यातरी ओळखीच्या पोराकडून कोटेशन यायचं, त्यात प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क सगळं घासाघीस करून झालं की शेवटच्या ओळीत "मल्टिमीडिया स्पीकर" असं असायचं, मॉडेल नाही, काही नाही. बरेचदा तो फुकटच टाकायचा. १९९९ ला आमच्या घरी पहिला पीसी आला तेव्हा असेच दोन पांढरट पिवळे स्पीकर आले होते, समोर मोठं बटण, हिरवा एलईडी, आणि खोक्यावर तिरक्या लाल अक्षरात "२४० वॅट पीएमपीओ". बाबांनी तो आकडा शेजाऱ्यांना वाचून दाखवलेला मला चांगला आठवतो. महिना-दोन महिन्यांनी मी ॲडॅप्टर उलटा करून बघितला तर त्यावर लिहिलेलं ९ व्होल्ट, ५०० मिलीॲम्प. गुणाकार केला तर साडेचार. साडेचार वॅट आत जातात आणि दोनशे चाळीस बाहेर येतात हे शाळेतल्या फिजिक्समध्ये कुठे बसेना. या विषयाचं वेड मला तेव्हापासून लागलं ते आजपर्यंत आहे.

त्या काळी निवडताना बघायच्या गोष्टीही वेगळ्या होत्या. मॉनिटर सीआरटी, म्हणजे जाड पिक्चर ट्यूबवाला, त्यामुळे साधा स्पीकर शेजारी ठेवला की मॅग्नेटमुळे स्क्रीनच्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग यायचा, मग मॉनिटरच्या मेनूत जाऊन डीगॉस करायचं, म्हणजे स्क्रीनला लागलेलं चुंबकत्व काढायचं. म्हणून खोक्यावर "मॅग्नेटिकली शिल्डेड" लिहिलेलं बघून घ्यायचं, आत मूळ मॅग्नेटच्या मागे दुसरा उलटा मॅग्नेट चिकटवून वर लोखंडी वाटी बसवलेली असायची. आणि मोबाइल आल्यावर तो डड-डड-डर्रर आवाज, फोनची रिंग वाजायच्या आधी स्पीकरला कळायचं. ते जीएसएमच्या, म्हणजे त्या वेळच्या टूजी मोबाइल नेटवर्कच्या सिग्नलचे सेकंदाला सुमारे २१७ झटके, स्पीकरची वायर ॲन्टेनासारखी ते पकडायची. एलसीडी आले तसं शिल्डिंग विस्मरणात गेलं, थ्रीजी-फोरजी आले तसा तो आवाजही गेला. पीएमपीओ मात्र राहिला.

आता हा पीएमपीओ नक्की काय, यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. फुल फॉर्म पीक म्युझिक पॉवर आउटपुट. याचा उगम पूर्ण खोटा नाहीये. साठच्या दशकात हायफायवाल्यांचं म्हणणं होतं की ॲम्पला प्रयोगशाळेत तासन् तास एकसारखा सूर देऊन मोजणं हे संगीताला धरून नाही, संगीतात तबल्याची थाप येते आणि जाते, त्या क्षणापुरती जास्त ताकद ॲम्प देऊ शकतो, तर ती "म्युझिक पॉवर" म्हणून सांगू द्या. मुद्दा बरोबर होता. पण मग पायऱ्या चढत गेल्या. समजा ॲम्प खरे चॅनलला ५ वॅट देतोय. दोन चॅनल, झाले १०. साइन वेव्हच्या, म्हणजे त्या एकसारख्या सुराच्या लाटेच्या, अगदी टोकावर क्षणभर पॉवर सरासरीच्या दुप्पट असते, म्हणून ते "पीक", झाले २०. आवाज फाटू दिला, म्हणजे १० टक्के डिस्टॉर्शन चालवून घेतलं की अजून थोडे वाढतात, धरा २५. इथपर्यंत निदान हिशोब आहे. यापुढे कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज एका मिलिसेकंदात रिकामा झाला तर किती, स्पीकर जळायच्या आधी एका झटक्यात किती सोसेल, असे आकडे धरायला लागले, आणि त्याची कुठलीही सर्वमान्य मोजणी नाही, कुठलंही स्टँडर्ड नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात टूइनवनवर हे आकडे झळकले आणि तिथून पीसी स्पीकरवर उतरले. म्हणून दोन खोक्यांवरच्या पीएमपीओची एकमेकांशी तुलना करण्यातही अर्थ नाही, शंभर पीएमपीओ पाचशे पीएमपीओपेक्षा मोठा वाजू शकतो.

आरएमएसचंही तसं पूर्ण सरळ नाही, पण तो गुंता प्रामाणिक आहे. आरएमएस (रूट मीन स्क्वेअर) ही व्होल्टेजची मोजणी. समजा ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) स्पीकरवर ६ व्होल्ट आरएमएस पडले तर ६ गुणिले ६ भागिले ४, म्हणजे ९ वॅट, आणि ही झाली सरासरी पॉवर. म्हणजे "आरएमएस वॅट" हा शब्द काटेकोर बघितला तर चुकीचाच, सगळ्यांना म्हणायचं असतं सरासरी. पण बाजारात "आरएमएस" म्हटलं की सतत देता येणारी पॉवर असा अर्थ रुळलाय आणि मला तो चालतो, कारण त्याने निदान फसवणूक होत नाही.

हा विषय सरकारी पातळीवर एकदाच नीट हाताळला गेला आणि तो अमेरिकेत. १९७४ मध्ये तिथल्या व्यापार नियामकाने नियम केला की घरगुती ॲम्पची पॉवर जाहिरातीत सांगायची असेल तर ती साइन वेव्हवर मोजलेली सततची सरासरीच सांगायची, आणि मोजायच्या आधी ॲम्प एक तास एक तृतीयांश पॉवरवर तापवायचा. कंपन्यांचा खरा विरोध या तापवण्यालाच होता, आणि त्यात तथ्य होतं, कारण जुन्या पद्धतीचा क्लास एबी ॲम्प फुल आवाजापेक्षा तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच जास्त तापतो, म्हणजे जवळपास सगळ्यात वाईट परिस्थितीत त्याला तासभर उभं करायचं. पुढे सब (खालच्या जाड आवाजाचा मोठा डबा) आणि सॅटेलाइट (बाकीच्या आवाजाचे छोटे स्पीकर) असलेले सेट आले, टू पॉइंट वन, फाइव्ह पॉइंट वन, आणि प्रश्न उभा राहिला की यांचं मोजायचं कसं, सगळे चॅनल एकदम पूर्ण वाजवून की वेगवेगळे. २००० च्या शेवटी त्या नियामकाने दोन गोष्टी केल्या: तापवणं एक तृतीयांशावरून एक अष्टमांशावर आणलं, आणि ठरवलं की ज्या सेटमध्ये वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीसाठी वेगवेगळे ॲम्प आहेत तिथे एकाच पट्ट्यात काम करणारे चॅनलच एकदम वाजवून मोजले तरी पुरे. म्हणजे दोन सॅटेलाइट एकत्र, आणि सब वेगळा.

पहिला बदल मला पटतो. दुसरा नाही, आणि का ते सांगतो. समजा सब ४० वॅट आणि सॅटेलाइट १०-१०. वेगवेगळे मोजले तर तिन्ही आकडे खरे. पण खोक्यावर त्यांची बेरीज छापली जाते, ६०. आतला ट्रान्सफॉर्मर मात्र एकच असतो, आणि ढोलताशाचा व्हिडिओ लावला, वरती ताशा आणि खाली ढोल एकदम आला, की त्या एका ट्रान्सफॉर्मरमधून दोघांनाही पाहिजे असतं. तो ६० ला पुरा पडेल याची खात्री त्या नियमात कुठेच नाही. नियम करणाऱ्यांची बाजू अशी की प्रत्यक्ष गाण्यात सगळे पट्टे एकदम कमाल पातळीला जात नाहीत, त्यामुळे उगाच मोठा ट्रान्सफॉर्मर घालायला लावला तर किंमत वाढेल. स्वस्त सेटसाठी हा युक्तिवाद मी समजू शकतो, तरी बेरजेचा आकडा छापायला निदान तेव्हाच मनाई करायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. २०२४ मध्ये तिथे नियम पुन्हा कडक झाला, मोजणी ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झ, डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत.

आपल्याकडे यातलं काहीच झालं नाही. २०१२ च्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात काही ऑडिओ वस्तू आल्या, पुढे ब्लूटूथ स्पीकरही आले, पण ती तपासणी सुरक्षिततेची, शॉक बसू नये, आग लागू नये यासाठी. खोक्यावरचा वॅट खरा की खोटा हे त्यात बघितलं जात नाही. त्यामुळे आपल्या बाजारात पीएमपीओ निवांत वाढत गेला. २००४-०५ च्या सुमारास मी स्वतः लोकल असेंबल केलेला टू पॉइंट वन उघडून पाहिलाय. लाकडी म्हणून विकलेला सब पार्टिकल बोर्डाचा, आत हिरवट ट्रान्सफॉर्मर, आणि हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) स्क्रूने आवळलेली ४४४० आयसी, म्हणजे ॲम्पची चिप. ही ४४४० आपल्याकडे रिपेअरिंगवाल्यांच्या जिव्हाळ्याची चीज, रेडिओ दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात तिचा तयार बोर्ड मिळायचा. तिची डेटाशीट सांगते स्टिरिओत चॅनलला ६ वॅट, दोन्ही चॅनल जोडून ब्रिज केली तर १९. डब्यावर चारआकडी पीएमपीओचा स्टिकर. खरं सांगायचं तर तो सेट वाजायला वाईट नव्हता, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भरपूर झाला.

भरपूर होणारच, कारण टेबलावर आपण स्पीकरपासून हात-दीड हातावर बसतो. साधारण स्पीकर १ वॅटला एका मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास देतो, म्हणजे घरात कुणीतरी "आवाज कमी कर" म्हणेल इतका. पॉवर दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला पॉवर दहापट लागते. पंधरा आणि वीस वॅटमधला फरक टेबलावर जवळपास कळतच नाही. कळतो तो ड्रायव्हरच्या (डब्यातल्या, प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या गोल भागाच्या) आकाराचा, डब्याच्या वजनाचा आणि डबा किती थरथरतो त्याचा.

नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत चित्र पुन्हा फिरलं. क्लास डी ॲम्प स्वस्त झाले, ते आत घेतलेल्या करंटचा फार थोडा भाग उष्णतेत घालवतात, त्यामुळे जड ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक दोन्ही गेले. मॉनिटरखाली बसणारे साउंडबार आले, यूएसबीवर चालणाऱ्या जोड्या आल्या, ब्लूटूथ आलं (व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग करत असाल तर वायरच लावा, ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो). पीएमपीओ हा शब्द बऱ्याच कंपन्यांनी सोडला, त्याच्या जागी "पीक" आला किंवा मग नुसतंच "वॅट", पुढे काहीच नाही. नुसतं वॅट लिहिलेलं असेल तर मी आजही तेच करतो जे १९९९ ला केलं, मागची पट्टी वाचतो.

गेल्या महिन्यात भाच्याने यूएसबीवाला साउंडबार आणला, खोक्यावर १६ वॅट. करंटसाठी वेगळा ॲडॅप्टर नाही, बॅटरी नाही, फक्त यूएसबीची वायर. त्याचा पीसी जुना, मागचे पोर्ट यूएसबी २ चे, म्हणजे ५ व्होल्ट आणि ५०० मिलीॲम्प, अडीच वॅट. मी त्याला कॅल्क्युलेटर उघडायला लावला. तो म्हणाला, "पण मामा, आवाज तर मस्त येतोय". येतोच आहे, त्याच्या टेबलाला अडीच पुरतात.