झुडपी जंगल (पूर्व विदर्भ)

झुडपी जंगल हा नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या महसुली कागदांवरचा जमिनीचा एक प्रकार. नावात जंगल असलं तरी जागेवर जाऊन पाहिलं तर बहुतेक ठिकाणी बोर, भराटी, पळस, तरोटा आणि उघडा मुरूम दिसतो. गायकी (गुराखी) गावातली ढोरं घेऊन इथंच जातो, आखर (ढोरं जमवायची जागा) इथंच, मसणवटी इथंच, आणि कित्येक गावांत शाळा नि निम्मी वस्तीसुद्धा याच गटात. ही जमीन कायद्याच्या भाषेत वन आहे का, यावर महसूल आणि वन खातं कित्येक वर्षं भांडत राहिलं आणि निकाल लागला तो सुप्रीम कोर्टात, २२ मे २०२५ ला.

नावाचा उगम : यावर मतं दोन. महसूलवाल्यांचं म्हणणं असं की हा शब्द मुळात वनाचा नव्हेच, जुन्या मध्य प्रांतात मालगुजारी (मालगुजारानं गावाचा सारा गोळा करून सरकारला भरायची पद्धत) होती तेव्हा शेतीला निरुपयोगी पण गावाच्या निस्ताराला (म्हणजे चराई, जळाऊ काड्या, कुंपणाचे काटे, माती) लागणारी जी पडीक जागा असायची तिची ही नोंद. वन खात्याचं म्हणणं की कागदावर ‘जंगल’ लिहिलंय ना, मग ते जंगलच. मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या जुन्या नोंदींत ‘छोटे झाड का जंगल’, ‘बडे झाड का जंगल’ अशा नोंदी सापडतात, झुडपी हा शब्द त्याच घराण्यातला दिसतो. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, या जमिनी सरकारजमा झाल्या, गावाचे हक्क निस्तारपत्रकात उतरले (आता महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १६१). १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि हिंदी प्रांतातली ही नोंद नव्या राज्याच्या दप्तरात जशीच्या तशी येऊन बसली, ती कुणी दुरुस्त केली नाही, ही राज्य सरकारची बाजू. नोंदीच्या मुळापुरतं बोलायचं तर निस्ताराचा अर्थच जास्त पटतो, कारण निस्तारपत्रकात चराई आधी येते, झाडं नंतर.

कोर्टाचे निकाल : वन संवर्धन कायदा २५ ऑक्टोबर १९८० चा, त्यानंतर वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागते. पण वन कशाला म्हणायचं हे त्यात लिहिलेलं नव्हतं. ते ठरलं १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानं : डिक्शनरीतल्या अर्थानं जे वन ते वन, आणि सरकारी कागदावर वन म्हणून ज्याची नोंद तेही वन, मालकी कुणाचीही असो. तमिळनाडूतल्या गुडलूरच्या झाडतोडीवरून सुरू झालेली ही केस, आणि तिच्यामुळं भंडारा-गोंदियाच्या गावातलं घरकुल अडायला लागलं.

कसं अडतं ते बघा. यादीत नाव येतं, ग्रामसेवक जागेचा कागद मागतो, पटवारी सातबारा काढून देतो, त्यावर वर ‘सरकार’ आणि खाली ‘झुडपी जंगल’. बाई कागद उलटा करून पाठची बाजूसुद्धा बघते, तिथं काहीच नसतं. सासऱ्यानं खोदलेली विहीर त्याच गटात, तिचं लग्न होऊन ती आली ते घरही त्याच गटात आणि कागदानुसार ती वनजमिनीवर अतिक्रमण करून राहते.

२०२५ च्या निकालात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई (मूळ अमरावतीचे) आणि न्या. ऑगस्टीन मसीह यांच्या पीठानं झुडपी जंगल ही वनजमीनच धरली. पण १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं वाटप केलेल्या जागांना अपवाद दिला, त्या वनाच्या यादीतून काढायला राज्यानं केंद्राकडं प्रस्ताव पाठवायचा आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची नि एनपीव्हीची (वनजमिनीच्या बदल्यात भरायच्या रकमेची) अट नाही, ही मोठी सूट. त्यानंतरचं वाटप असेल तर ज्या अधिकाऱ्यांनी नियम मोडून ते केलं त्यांच्यावर आधी कारवाई, मग विचार. एकूण जमीन साधारण १ लाख ७८ हजार हेक्टर, त्यातली ८६ हजारांवर हेक्टर राज्यानं वनीकरणाला अयोग्य म्हटलेली. तीन हेक्टरपेक्षा लहान, वनाला न लागून असलेले आणि वाटप न झालेले तुकडे संरक्षित वन करायचे, पुढं अतिक्रमण झालं तर जबाबदारी एसडीएमवर (उपविभागीय अधिकाऱ्यावर). ज्यांना वाटपाचा कागदच कधी मिळाला नाही, पिढ्यान्‌पिढ्या नुसते राहत आले, त्यांचं दुखणं या अपवादानं जात नाही, आणि अशी घरं खेड्यात खूप आहेत.

वनहक्क कायदा : त्यांच्यासाठी दुसरी वाट २००६ च्या कायद्याची. कलम ४(५) नुसार दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत आदिवासी किंवा पारंपरिक वननिवासीला हलवता येत नाही. बिगर आदिवासींना मात्र तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो आणि तिथंच पूर्व विदर्भातले दावे अडकतात. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावा फेटाळला गेलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला, २८ फेब्रुवारीला स्वतःच थांबवला. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या निकालानं (२०१३) ग्रामसभेचं वजन वाढलं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं सामूहिक हक्क त्याआधीच, २००९ मध्ये मिळवला होता.

वऱ्हाडात : तिकडं रयतवारी (शेतकऱ्याकडून थेट सारा घ्यायची पद्धत), त्यामुळं झुडपी ही नोंद नाही, गावचराईला ई-क्लास म्हणतात. तिथं वाद वनाचा नसून गायरानाचा, आणि त्यावर २०११ चा जगपाल सिंग निकाल लागू होतो : गावच्या सामाईक जमिनीवरचं अतिक्रमण काढा, फक्त भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेले पट्टे आणि आधीपासूनची शाळा-दवाखाने यांना सूट.