दाढ काढल्यावर गुठळी जपा

दाढ काढायची म्हटलं की सगळी धास्ती इंजेक्शनची आणि पकडीची. पण खरी काळजी घ्यायची असते ती दवाखान्यातून बाहेर पडल्यावर.

दाढ ओढून काढत नाहीत. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा थर असतो. डॉक्टर दाढ गालाकडे आणि जिभेकडे हळूहळू झुकवतात, त्याने भोवतीचं हाड किंचित पसरतं आणि हे तंतू तुटतात. तेव्हा ‘कट्’ असा आवाज येतो, जबड्यावर जोर जाणवतो. इंजेक्शनने दुखणं थांबतं, दाब जाणवायचा थांबत नाही. दुखलंच, तर हात वर करून सांगा. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे औषध कमी चढतं आणि कधी दुसऱ्या जागी पुन्हा टोचावं लागतं.

नुसतं तेवढा भाग बधिर करून दाढ काढायची असेल तर उपाशी जाऊ नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, मधुमेह, हृदयाची झडप बदललेली असणं, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं, हे सगळं आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं. गोळी सोडल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी अडकली, तर ते जिवावर बेतू शकतं.

दाढ निघाल्यावर उरलेल्या खड्ड्यात रक्त साकळतं आणि गडद लाल, लिबलिबीत गुठळी धरते. तीच या जखमेची खपली. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा, मधूनमधून काढून बघू नका. थुंकू नका, लाळ गिळा. थेंबभर रक्तानेही तोंडभर लाळ लाल दिसते, त्याने घाबरू नका. पहिले 24 तास चूळ भरणं, स्ट्रॉने पिणं, गरम चहा बंद. ओठ बधिर असेपर्यंत जेवूही नका; लहान मुलं तर नकळत ओठ चावून फोडतात. दुसऱ्या दिवसापासून कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलकेच खळबळा.

दोन-तीन दिवसांनी खड्ड्यात पांढरट-पिवळा थर दिसतो. पू समजून अनेक जण तो काडीने खरवडतात. तो भरत आलेल्या जखमेचा थर असतो, त्याला हात लावू नका.

सिगारेट, तंबाखू आणि मिश्री निदान आठवडाभर नकोच. गुठळी निसटली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बरं वाटू लागलेलं असताना, कानापर्यंत ठणका सुरू होतो, तोंडाला घाण वास येतो. खालच्या दाढांना, त्यातही अक्कलदाढेला, हे जास्त होतं. घरी लवंग ठेचून त्यात कोंबू नका. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. एवढ्यासाठी सहसा अँटिबायोटिक लागत नाही. पण ताप, वाढती सूज, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, किंवा अर्धा तास दाबूनही न थांबणारं रक्त असेल, तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठा.