लाडकी बहीणच्या गोंधळाचा जाब मंत्र्यांच्या खात्याला कसा विचारायचा? माहिती अधिकार अर्जाची पूर्ण माहिती

आमच्या चाळीत हप्ता थांबला की पहिला राग निघतो तो अंगणवाडीच्या ताईवर. मला ते बघवत नाही, कारण त्या बाईने फॉर्म भरून घेतले एवढंच, नियम तिने केले नाहीत आणि यादीतून नाव काढायचा निर्णयही तिचा नाही. जुलै 2024 पासून महिना 1500 रुपये, वय 21 ते 65, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, हे आता सगळ्यांना पाठ आहे, पण जुलै 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी स्वतःच सांगितलं की 26 लाख 34 हजार लाभार्थी अपात्र असल्याचं दिसतंय म्हणून त्यांचा लाभ जूनपासून तात्पुरता थांबवलाय. मग आधी वर्षभर पैसे गेले ते कोणत्या तपासणीवर गेले, आणि जी बाई खरोखर पात्र आहे तिचं नाव त्यात कसं अडकलं? याचं उत्तर मंत्रालयातल्या फायलीत आहे, अंगणवाडीत नाही. ती फाईल मागायचा हक्क 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्याला दिलाय.

अर्ज भारताचा कोणताही नागरिक करू शकतो, तुम्ही योजनेत नसलात तरी चालतं. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, कोणी काउंटरवर कारण विचारलं तर शांतपणे हे कलम दाखवा. कागदपत्रं म्हणाल तर फार काही नाहीच. नमुना ‘जोडपत्र अ’ मधला अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी माफ, फक्त त्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडायची. पत्ता: जन माहिती अधिकारी, महिला व बालविकास विभाग, मंत्रालय, मुंबई 400032. हातोहात दिलात तर पोच घ्या, पोस्टाने पाठवलात तर पावती जपून ठेवा. राज्य सरकारच्या आरटीआय ऑनलाइन साइटवरूनही करता येतो, फी तिथेच भरायची आणि नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा.

आता खरी मेख मजकुरात आहे. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. माझा पहिला अर्ज वाया गेला कारण मी ‘असं का केलं’ म्हणून विचारलं होतं, आणि ‘का’ला ते उत्तर देत नाहीत, असलेला कागद तेवढा देतात. म्हणून कागदच मागा, नाव घेऊन मागा, सरकारी भाषेत फाईलला ‘नस्ती’ म्हणतात. उदाहरणार्थ, ‘अर्ज मंजूर करण्यापूर्वी उत्पन्न व चारचाकी वाहनाची पडताळणी कोणी व कशी करावी याबाबतच्या नस्तीतील टिपण्या, मंत्र्यांच्या शेऱ्यांसह, यांच्या प्रती मिळाव्यात’. त्या टिपणीवर कोणी काय लिहिलं आणि शेवटची सही कोणाची, तिथेच जबाबदारी कळते. मंत्रिमंडळाची कागदपत्रं गोपनीय आहेत असं उत्तर आलं तर घाबरू नका, कलम 8(1)(i) नुसार निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर त्यामागची कारणं आणि आधार उघड करावे लागतात. दुसऱ्या बायकांची नावं, खाते नंबर मात्र मागू नका, ते मिळणार नाही आणि मागूही नये.

उत्तराची मुदत 30 दिवस. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवायचं काम त्यांचं आहे, तुम्हाला परत फिरवता येत नाही. प्रतीला पानामागे 2 रुपये. उत्तरच नाही किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील त्याच विभागाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, ‘जोडपत्र ब’, 20 रुपयांचा स्टॅम्प. तिथेही नाही जमलं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आणि तिथे वेळ लागतो हे मनाशी धरूनच चला. विनाकारण माहिती अडवल्याचं ठरलं तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो, पण तो दंड अधिकाऱ्याला, मंत्र्याला नाही.

म्हणूनच कागद हातात आल्यावर थांबू नका. संविधानाच्या कलम 164 नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे, आणि मुंबईत 36 आमदार आपण निवडून देतो. त्या कागदाची झेरॉक्स आपल्या आमदाराच्या ऑफिसात द्या, सोबत एका पानाचं पत्र जोडा की यावर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी (सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावा, आणि पत्रावर शिक्का मारून घ्या. सत्ताधारी असो की विरोधी, दोघांकडेही द्या. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न येतात, आणि तिथे ‘चौकशी करू’ म्हटलं की ते आश्वासन नोंदलं जातं, त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात, म्हणून पावसाळी अधिवेशनात विषय यावा असं वाटत असेल तर माहितीचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच टाका, म्हणजे एखादं अपील करावं लागलं तरी कागद वेळेत हाती येतो.