स्मृतिभ्रंशातले वर्तनबदल: आधीपासूनच्या तयारीमागचा इतिहास

डिमेन्शिया म्हणजे विसरणं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर; त्याची पहिली सविस्तर नोंद मात्र वेगळंच सांगते. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला तपासणाऱ्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०७ मध्ये तिच्याविषयी जे टिपण छापलं, त्यात तिचं पहिलं लक्षण म्हणून नोंदवलाय तो नवऱ्याविषयीचा संशय. स्मरणशक्ती ढासळली ती त्यानंतर. मग ती स्वतःच्याच घरात वाट चुकू लागली, वस्तू इकडून तिकडे ओढत नेऊ लागली, लपवू लागली, कुणीतरी आपल्या जिवावर उठलंय असं वाटून किंचाळू लागली. घरी असा रुग्ण असलेल्या कुणालाही यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

तिच्या नवऱ्याला पुढे काय होणार आहे हे सांगू शकेल असं तेव्हा कुणीच नव्हतं. आजाराला अल्झायमरांचं नावही मिळालं ते १९१० मध्ये, मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्या पाठ्यपुस्तकात. आणि नाव मिळालं तरी अभ्यासकांचं लक्ष गेलं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या मेंदूतल्या बदलांकडे. संशय, आरडाओरडा, रात्रीचं भटकणं या गोष्टी वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनी किंवा घरच्यांनी निभावायच्या, असंच जणू ठरून गेलं. उतारवयातली बुद्धीची पडझड तर कित्येक दशकं 'वय झालं' या दोन शब्दांत संपवली जायची. जी गोष्ट आजार मानलीच जात नाही, तिची तयारी कोण करणार?

१९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल ही औषधं आली. ती होती स्किझोफ्रेनियासारख्या विकारांसाठी, पण बेचैन झालेल्या वृद्धांनाही सर्रास दिली जाऊ लागली. रुग्ण गप्प झाला, खुर्चीत बसून राहिला, म्हणजे उपचार लागू पडला अशी समजूत रुळली. खाटेला किंवा खुर्चीला बांधून ठेवणंही चालूच होतं. अमेरिकेत १९८७ मध्ये शुश्रूषागृहांसाठी कायदा झाला आणि शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाला बांधता येणार नाही, औषधानं गुंगवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. ते कायद्यात लिहावं लागलं, यावरूनच तोवरची रीत कळते.

दरम्यान चित्र दुसऱ्या बाजूनं बदलत होतं. १९७६ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडलं की अल्झायमर हा दुर्मीळ विकार नाही, उतारवयातल्या मृत्यूंचं ते एक मोठं कारण आहे. १९८२ मध्ये बॅरी राइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजाराच्या वाटचालीचे सात टप्पे मांडले. माझ्या मते आधीपासून तयारी करण्याची कल्पना खऱ्या अर्थानं शक्य झाली ती इथे. प्रत्येक माणूस त्याच क्रमानं जातो असं नाही, पण पुढे साधारण काय येऊ शकतं हे डॉक्टर घरच्यांना सांगू शकतील, एवढा आधार त्यातून मिळाला.

तरी एक मोठा प्रश्न उरतच होता. माणूस असं का वागतो? मेंदू बिघडला म्हणून, एवढंच उत्तर असेल तर तयारी म्हणजे कुलूप आणि गोळी. १९८० च्या दशकापासून संशोधक जिस्का कोहेन-मॅन्सफिल्ड यांनी शुश्रूषागृहांतल्या वृद्धांची बेचैनी बारकाईनं टिपली आणि तिच्यामागे अनेकदा न भागलेली गरज असते, हे पुढे आणलं: दुखणं, एकटेपणा, करायला काही नसणं. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी त्याच सुमारास सांगायला सुरुवात केली की आजूबाजूची माणसं रुग्णाशी कशी वागतात, यावरही त्याचं वागणं ठरतं.

आंघोळीचंच घ्या. अंगाला हात लावला की ओरडणं, चावणं, मारणं हे सगळं 'आक्रमकपणा' म्हणून कागदावर चढायचं. पण तिथे उभं राहून पाहिलं तर काय दिसतं? गार खोली, अंगावर कपडा नाही, ओळख न पटणारं माणूस, आणि एकदम तोंडावर पाणी. त्या जागी कुणीही हात उगारेल. फिलिप स्लोन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही रुग्णांना त्यांच्या कलानं आंघोळ घातली, तर काहींना अंथरुणातच पांघरून ठेवून गरम ओल्या टॉवेलनं पुसून काढलं. दोन्ही प्रकारांत मारामारी आणि बेचैनी बरीच कमी झाली. हा उपाय औषधाचा नव्हताच.

१९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या बैठकीत या सगळ्या लक्षणांना आजाराचाच भाग म्हणून एकत्र मान्यता मिळाली. म्हणजे ऑगुस्टेच्या नोंदीनंतर जवळजवळ ९० वर्षांनी. त्यानंतर औषधांचा हिशेब पुढे आला. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी इशारा दिला की नव्या पिढीच्या मनोविकारविरोधी औषधांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट होतो. २००८ मध्ये तोच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला. ब्रिटनमध्ये २००९ साली सुबे बॅनर्जी यांच्या सरकारी अहवालानं अंदाज मांडला: वर्षाला १,८०,००० रुग्णांना ही औषधं दिली जातात, त्यातल्या जेमतेम ३६,००० जणांना काही फायदा होतो, आणि १,८०० मृत्यू जास्तीचे होतात.

आज जी पद्धत शिकवली जाते ती या धक्क्यातून उभी राहिली. हेलन केल्स, लॉरा गिटलिन आणि कॉन्स्टन्टाइन लिकेट्सॉस यांनी २०१४ मध्ये चार पायऱ्या मांडल्या: काय घडलं ते नेमकं लिहा, कारण शोधा, उपाय ठरवा, मग उपाय चालला का ते पाहा. कारणांत लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, बंद पडलेलं कानाचं यंत्र, नवी गोळी असं काहीही निघू शकतं. घटनेची वेळ आणि आधीचा अर्धा तास वहीत टिपून ठेवणाऱ्या घरांत असं कारण लवकर सापडतं.

कायद्याची वाट मात्र वेगळीच राहिली. आपल्याला कळेनासं झाल्यावर निर्णय कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याची सोय अनेक देशांत झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या कायद्यानं ती पक्की केली. पण अशी कागदपत्रं बहुधा कृत्रिम श्वास आणि पैशाअडक्याभोवती फिरतात. 'मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला तर', 'मी रात्री घराबाहेर जाऊ लागलो तर', 'मी हात उगारला तर काय करायचं' हे त्यांत क्वचितच येतं. मला ही फार मोठी उणीव वाटते, कारण या प्रश्नांची उत्तरं ज्याची असायला हवीत तो माणूस सुरुवातीची काही वर्षं बोलू शकत असतो.

आणि डिमेन्शियाच्या काही प्रकारांत ही चर्चा पुढे ढकलताच येत नाही. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात स्मरणशक्ती शाबूत असतानाच स्वभाव बदलतो. लेवी बॉडी डिमेन्शियात भास लवकर सुरू होतात आणि मनोविकारविरोधी औषधांची गंभीर, कधी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. त्यामुळे निदान झालं त्याच दिवशी ते ठळक अक्षरांत लिहून रुग्णाच्या पाकिटात आणि घरच्या फाइलीत ठेवायला हवं. २०२३ च्या मे महिन्यात ब्रेक्सपिप्राझोल हे मनोविकारविरोधी औषध अल्झायमरमधल्या बेचैनीसाठी अमेरिकेत मान्य झालेलं पहिलं औषध ठरलं. २००५ चा इशारा त्याच्याही वेष्टनावर आहे.